नकाशावरचा एक मिलिमीटर

स्वातंत्र्यानंतर भारताचा नकाशा कसा भरत गेला, हे मी पारदर्शक शीटवर शिकवतो. खाली कोरा नकाशा, वर १९४७, ४८, ५०, ५४, ६१ आणि ७५ अशा सहा शीट. त्या सरकतात, म्हणून प्रत्येकीवर दोन ठिकाणी फुल्या आधीच मारायच्या. स्केचपेन प्लास्टिकवर धरत नाही. परमनंट मार्करच लागतो.

खरा घोळ कोऱ्या नकाशाचा. विकत मिळतो तो आजच्या राज्यांचा. 'हैदराबाद संस्थान रंगवा' म्हटलं की मुलं तेलंगण रंगवून मोकळी! मराठवाडा, बीदर, गुलबर्गा, रायचूर पांढरेच. १७ सप्टेंबर १९४८ तोंडपाठ, मुलूख कुठला याचा पत्ता नाही. म्हणून राज्यसीमा नसलेलीच बाह्यरेखा घ्यावी.

१ सेंमीला २०० किमी या प्रमाणात गोवा उभा जेमतेम अर्धा सेंटिमीटर, दादरा-नगर हवेली (४९१ चौ. किमी) मिलिमीटरभर. केरळच्या किनाऱ्यावरची जुनी फ्रेंच वसाहत माहे तर मार्करच्या टोकाखाली गडप. ही सगळी समुद्रात चौकटी आखून मोठी करून दाखवावी लागतात.

परवा याच मिलिमीटरवर तास अडला. १९५४च्या शीटवर एकीने दादरा-नगर हवेली रंगवली, शेजारणीने कोरी ठेवली. माझ्या उत्तरसूचीप्रमाणे कोरी बरोबर, कारण भारतात समावेश ११ ऑगस्ट १९६१चा. पण पोर्तुगीज अंमल १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्येच संपला होता. पुढची सात वर्षं कारभार स्थानिकांच्या वरिष्ठ पंचायतीकडे. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. १९६०च्या निकालाने १९५४मधलं सार्वभौमत्व त्यांचं मानलं, तिथे भारतातून सैन्य नेण्याचा हक्क मात्र नाकारला. मग रंगवणारीला चूक कशी द्यायची? एका गुणाच्या प्रश्नाला एकच साल हवं असतं, हा परीक्षेचा सोस. मुलखाला दोन-दोन सालं असतात.

तिथेच नियम बदलला: जुना अंमल उठला की तिरप्या रेघा, आपला कायदा लागू झाला की पूर्ण रंग. बंगालमधल्या फ्रेंच चंद्रनगरच्या रेघा २ मे १९५० ते ९ जून १९५२. पुदुच्चेरीच्या १ नोव्हेंबर १९५४ ते १६ ऑगस्ट १९६२, म्हणजे माझ्या १९६१च्या शीटवर पूर्ण रंगवलेली पुदुच्चेरी चुकीचीच होती. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. गोव्याच्या रेघा मात्र एका दिवसाच्या, १९ डिसेंबर १९६१ ते २०.

"पण सर, पोर्तुगालने गोवा कधी मान्य केला?" रंगवणारीनेच विचारलं.

१९७४च्या अखेरीस, करार करून.

"मग रेघा तिथपर्यंत?"

कायदा कुणाचा धरायचा, हे मी नियमात घातलंच नव्हतं.