पाण्याचाच ठसका का लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "मॅडम, बाबांना भात जातो, भाजी जाते, कुस्करलेली पोळीही जाते. पाणी प्यायले की मात्र ठसका. असं कसं?" मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे बोलण्याच्या तक्रारी घेऊन जितके पेशंट येतात, जवळजवळ तितकेच गिळण्याच्या तक्रारी घेऊन येतात. त्यांच्या घरच्यांना हे कोडं पडतं. पाणी चावावं लागत नाही, चिकटत नाही, मग ते तर सगळ्यात सहज उतरायला हवं ना?

पाणी गिळायला सगळ्यात अवघड असतं, आणि त्याचं कारण त्याचा वेग. भाताचा घास जिभेवर थांबतो, तुम्ही ढकलाल तेव्हाच मागे जातो. पाणी थांबत नाही. जिभेच्या कडेनं, गालाच्या फटीतून ते घशात ओघळतं, मग घसा तयार असो वा नसो. तरुणपणी घसा इतका चपळ असतो की हे जाणवतही नाही. वय झालं, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, कंपवात सुरू झाला, की घशाची हालचाल सेकंदाच्या एखाद्या अंशानं उशिरा सुरू होते. भाताला तेवढा उशीर चालतो, पाण्याला चालत नाही.

उशीर झाला की नेमकं काय बिघडतं, हे समजायला घशाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. नाक वर आणि मागे उघडतं, तोंड पुढे. दोन्हीकडून येणारं सगळं जिभेच्या मागच्या एकाच पोकळीत उतरतं. तिथून खाली पुन्हा दोन वाटा फुटतात, पण आता क्रम उलटा असतो: श्वासाची वाट पुढे, म्हणजे स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका, अन्नाची वाट मागे, म्हणजे अन्ननलिका. थोडक्यात, दोन वाटा एकमेकींना छेदून जातात. पाण्याचा प्रत्येक घोट श्वासाच्या दारावरून जातो. दिवा स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकात लोकल खोळंबल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. फाटक एका वाहतुकीला उघडं असलं की दुसरीला थांबावंच लागतं. घशात थांबायचं असतं ते श्वासानं.

गळ्यावर बोट ठेवून एक घोट गिळून बघा. कंठमणी वर उसळेल आणि परत खाली येईल. तेवढ्या, जेमतेम एका सेकंदात मऊ टाळू उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो. स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्या वरच्या घड्याही मिटतात. अख्खं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या बुडाखाली दडतं, आणि एपिग्लॉटिस नावाची कूर्चा मागे कलून त्याच्यावर येते. त्याच ओढीनं एरवी मिटलेलं अन्ननलिकेचं तोंड उघडतं. जिभेखालचं जे हायॉइड हाड ही सगळी उचल घडवतं, ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्यानं जोडलेलं नाही, स्नायूंनी तोलून धरलेलं असतं. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या या एका घोटासाठी राबतात. आपण हे दिवसातून शेकडो वेळा करतो, आणि झोपेतही लाळ गिळताना करतो. इतक्या वर्षांनंतरही एक्स-रेच्या पडद्यावर बेरियमचा, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणाऱ्या पांढऱ्या द्रवाचा, घोट सरकन खाली उतरताना बघितला की मी थक्क होते.

शाळेच्या पुस्तकात एपिग्लॉटिसचं झाकण तेवढं दाखवतात. पण कॅन्सरमुळे एपिग्लॉटिस काढून टाकावी लागलेले लोकही सरावानं पुन्हा गिळायला शिकतात. खरी राखण करतात ते स्वरतंतू. त्यांचं मूळ काम फुफ्फुसं सांभाळण्याचं. बोलणं, गाणं हे त्याच अवयवाचं दुसरं काम. म्हणूनच "स्पीचवाल्या मॅडम पाणी प्यायला का लावतात?" या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बोलायला आणि गिळायला अवयव तेच लागतात, मज्जातंतूही बहुतेक तेच. घोट घेतल्यावर मी पेशंटला लांब "आऽऽ" म्हणायला सांगते. आवाज ओला, गुरगुरता आला तर पाणी स्वरतंतूंवर थांबलंय असा संशय घ्यायचा.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वरतंतूंना हलवणारा डाव्या बाजूचा मज्जातंतू सरळ गळ्यात येत नाही. तो छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालतो आणि मग वर येतो. त्यामुळे दुखणं छातीत, पण लक्षण गळ्यात, असं होऊ शकतं. फुफ्फुसातली गाठ, सुजलेल्या लसीका ग्रंथी, थायरॉइडचं किंवा हृदयाचं ऑपरेशन, यांपैकी कशानंही तो दुखावला की एक स्वरतंतू हलायचा थांबतो. आवाज घोगरा होतो आणि पाण्याचा ठसका लागायला लागतो. या दोन तक्रारी एकत्र सुरू झाल्या आणि दोन-तीन आठवड्यांत गेल्या नाहीत, तर गुळण्या आणि मध-हळद करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीनं स्वरतंतू बघू द्या.

आता ठसक्याविषयी. घरच्यांना ठसका म्हणजे आजार वाटतो. ठसका हा पहारा आहे. पाण्याचा थेंब स्वरयंत्राच्या अस्तराला लागला की स्वरतंतू मिटतात, खाली हवेचा दाब साठतो आणि एका झटक्यात दार उघडून थेंब बाहेर फेकला जातो. जोरदार ठसका देणाऱ्या आजोबांची मला तेवढी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ज्यांना ठसका लागायला हवा होता पण लागला नाही त्यांची. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात घशाची संवेदनाच मंदावते, पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस शांतपणे जेवत राहतो. बाहेरून काही कळत नाही. मग वरचेवर ताप येतो, छातीत कफ भरतो, न्यूमोनिया होतो, तोही बरेचदा उजव्या फुफ्फुसात, कारण श्वासनलिकेचा उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि जास्त उभा असतो. लहान मुलानं श्वासाबरोबर ओढलेला शेंगदाणाही याच कारणानं बहुधा उजवीकडे सापडतो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, हे मी जाता जाता पुन्हा सांगते.

आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली म्हणजे ठसका लागला की "वर बघ, वर बघ!" प्रत्येक घरात मुलाला असं सांगतात, पाठोपाठ डोक्यावर थोपटतात आणि पाण्याचा पेला पुढे करतात. मान मागे गेली की घशात उरलेलं पाणी श्वासाच्या दाराकडेच कलतं. खोकणाऱ्या माणसाला पुढे वाकू द्यावं, मनसोक्त खोकू द्यावं, आणि खोकला पूर्ण थांबेपर्यंत पाणी देऊ नये. खोकताच येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा घास अडकला आहे. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरदार थापा, नाही निघाला तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीनं आत-वर पाच दाब, पुन्हा थापा. आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा.

दुसरी सवय वरून पाणी पिण्याची. उष्टं होऊ नये म्हणून बाटली उंच धरायची, मान मागे टाकायची आणि धार तोंडात सोडायची. लोकलमध्ये एकाच बाटलीतून सहा जणी अशा पितात, आणि त्यामागची स्वच्छतेची भावना चांगलीच आहे. पण ओठ उघडे, मान मागे, धार अखंड: थकलेल्या घशासाठी यापेक्षा कठीण परीक्षा नाही. सत्तरीच्या माणसाला उष्ट्याचा संकोच असेल तर त्याला स्वतःचं भांडं द्या. आपलं जुनं फुलपात्र यासाठी उत्तम आहे. त्याचं तोंड पसरट असल्यानं काठ नाकाला लागत नाही आणि शेवटच्या घोटापर्यंत मान फारशी मागे न्यावी लागत नाही. उभट, निमुळता ग्लास किंवा बाटली असेल तर अर्ध्यानंतर मान मागे जातेच. तसा ग्लास वापरायचाच असेल तर अर्धा रिकामा झाला की पुन्हा भरा.

घोटाचं आणि श्वासाचं एक ठरलेलं गणित असतं. बहुतेक वेळा आपण श्वास सोडता सोडता मध्येच थांबून गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो, म्हणजे दारात काही राहिलं असेल तर ते बाहेरच जावं. धाप लागली असताना हे गणित मोडतं, गिळल्या गिळल्या माणूस श्वास आत ओढतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढून आलेल्या आजींच्या हातात आपण आल्या आल्या पाणी देतो. देऊ या, पण आधी त्यांना बसू द्या, श्वास खाली बसू द्या. दम्याच्या आणि फुफ्फुसाच्या जुन्या दुखण्याच्या पेशंटसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मिश्र घासही असाच फसवतो. पातळ आमटीतला भात, चहात बुडवलेली खारी, पाण्याबरोबरची गोळी. दाताखाली घट्ट पदार्थ असतो आणि तोवर पातळ भाग पुढे निघून गेलेला असतो. "जेवण जातं, पण आमटी-भाताला ठसका लागतो" असं कुणी सांगितलं की मी आधी आमटी दाट करून भातात पूर्ण मुरवायला सांगते.

मग पाणीच दाट करावं का? औषधांच्या दुकानात थिकनर पावडर मिळते, आणि २०१५ नंतर जगभर पातळ-दाटपणाच्या ० ते ७ अशा पायऱ्या ठरल्या आहेत. १० मिलिलिटरच्या सिरिंजमधून दहा सेकंदांत किती पेय वाहून जातं, यावरून पातळ पेयांची पायरी घरीही मोजता येते. काही पेशंटना याचा खरोखर फायदा होतो. पण कुणाच्या तरी सल्ल्यानं सगळ्याच म्हाताऱ्यांचं पाणी दाट करायला माझा विरोध आहे. दाट पाणी तहान भागवत नाही असं पेशंट सांगतात, आणि मग ते पितच नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, पाणी कमी पडलेला वृद्ध माणूस बघता बघता गळून जातो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बरळायला लागतो. ठसक्याच्या भीतीनं पाणी बंद करणं हा तर उपायच नाही. काहींना मान किंचित खाली करून प्यायलं की पुरतं. काहींना चमच्यानं एकेक घोट. काहींना आधी नुसता तोंडात धरून मग गिळायला शिकवावं लागतं. कुणाला काय, हे तपासल्याशिवाय मी फोनवर सांगत नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी.

फोनवरही खुशाल सांगते ती एकच गोष्ट: तोंड स्वच्छ ठेवा. फुफ्फुसात गेलेल्या दोन थेंब पाण्यापेक्षा त्या पाण्याबरोबर गेलेले तोंडातले जंतू जास्त घातक असतात. जपानमधल्या वृद्धाश्रमांत रोज जेवणानंतर दात-तोंड नीट घासून देण्याचा प्रयोग झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि ज्यांचं तोंड स्वच्छ ठेवलं गेलं त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण कमी आढळलं. नाकातून नळी घातलेल्या पेशंटचंही तोंड साफ करावं लागतं, कारण लाळ तर ते गिळतच असतात. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडानं पुसायची. कवळी रात्री काढून ठेवायची. अंथरुणावर आडवं ठेवून कुणालाही काही पाजू नका. उशा लावून ताठ बसवा आणि प्यायल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या.

ठसका आठवड्यातून एखाद्या वेळी, घाईत लागत असेल तर वरच्या सवयी बदलून बघा. रोज लागत असेल, जेवणानंतर आवाज गुरगुरत असेल, वजन उतरत असेल, वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला असेल किंवा जेवण संपायला तास-तास लागत असेल, तर दाखवायला घेऊन या. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियमचा घोट देऊन एक्स-रेवर बघता येतं की पाणी नेमकं कुठल्या क्षणी वाट चुकतं. येताना त्यांच्या औषधांची यादी आणा, कवळी असेल तर ती लावून आणा, आणि ते रोज ज्या भांड्यातून पाणी पितात ते भांडंही पिशवीत टाका.