इंग्लिश पेल एल चाखताना: गुण कुठला, दोष कुठला

फ्रिजमधून काढलेली बाटली तशीच ग्लासात ओतून दिलेला निकाल इंग्लिश पेल एल या बिअरच्या बाबतीत धरूच नये. ४ अंश सेल्सिअसला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) बिस्किटासारखा वास दबतो, यीस्टचा फळासारखा वासही दबतो, आणि जिभेवर उरतो नुसता कडवटपणा. मग ‘पाणचट आणि कडू’ असा शेरा पडतो. इंग्लंडमधल्या पबच्या तळघरात पिंपातली एल (उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) ११ ते १३ अंशांवर ठेवतात, आणि चाखायचीही त्याच तापमानाला. फ्रिजमधली बाटली अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, थर्मामीटर असेल तर लावाच. उलट १६-१७ अंशांच्या वर गेली की अल्कोहोल पुढे येतं आणि बिअर सैल लागते.

नावाबद्दल थोडं. ‘पेल’ म्हणजे फिकट, पण लागरच्या, म्हणजे थंडीत आंबवलेल्या नेहमीच्या फिकट बिअरच्या, शेजारी ठेवली तर ही बिअर चक्क तांबूस दिसेल. नाव पडलं तेव्हा तुलना तपकिरी आणि काळ्या बिअरशी होती. १९व्या शतकात ब्रुअरीवाले जिला पेल एल म्हणत, तिलाच पबमधलं गिऱ्हाईक ‘बिटर’ म्हणायचं. त्यामुळे स्पर्धांसाठी वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या सध्याच्या नियमावलीत ही बिअर ‘ब्रिटिश बिटर’ या ११व्या गटात सापडते, तीन पायऱ्यांमध्ये: ऑर्डिनरी (अल्कोहोल ३.२ ते ३.८ टक्के, कडवटपणा २५ ते ३५ आयबीयू, म्हणजे कडवटपणा मोजायचं एकक), बेस्ट (३.८ ते ४.६ टक्के, २५ ते ४०) आणि स्ट्राँग (४.६ ते ६.२ टक्के, ३० ते ५०). टिमथी टेलर ब्रुअरीची पिंपातली लँडलॉर्ड ४.३ टक्क्यांची, म्हणजे बेस्टमध्ये. फुलर्स ब्रुअरीची पिंपातली ईएसबी (एक्स्ट्रा स्पेशल बिटर) ५.५ टक्क्यांची, म्हणजे स्ट्राँगमध्ये. बिअर कुठल्या पायरीवरची आहे हे आधी ठरवा. ३.५ टक्क्यांच्या ऑर्डिनरीत ईएसबीचा भरीवपणा शोधून गुण कापणं हा अन्याय आहे, आणि तो फार सर्रास होतो.

ओतताना ९० ते १२० मिली पुरे. पाइंटचा उभा ग्लास प्यायला छान, पण त्यात वास वर निघून जातो. तोंडाशी थोडा निमुळता असलेला ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो आणि दोष बिचाऱ्या बिअरवर जातो. बाटलीत यीस्ट जिवंत ठेवलेली एल असेल तर आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवा, एकाच धारेत ओता आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.

पहिला वास ओतल्या ओतल्या घ्यायचा. कारण बर्टनच्या पद्धतीच्या पाण्यात केलेल्या एलमध्ये सुरुवातीला नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकाचा एक झोत येतो. त्याला ‘बर्टन स्नॅच’ म्हणतात. स्टॅफर्डशरमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर असतं, आणि पेल एलची कीर्ती झाली ती याच गावामुळे. (बास ब्रुअरीच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण हा १ जानेवारी १८७६ रोजी नोंदला गेलेला ब्रिटनमधला पहिला ट्रेडमार्क. ती ब्रुअरीही बर्टनचीच.) हा झोत मिनिट-दोन मिनिटांत विरला पाहिजे. विरला तर तो गुण. पाच मिनिटांनीही कुजक्या अंड्यासारखा वास रेंगाळत असेल तर तो यीस्टचा दोष: उपाशी किंवा थकलेलं यीस्ट, नाहीतर बिअर परिपक्व होण्याआधीच भरलेली.

हाच या बिअरच्या परीक्षणातला खरा पेच आहे. एकच वास एका मात्रेत ओळख ठरतो आणि दुसऱ्या मात्रेत दोष.

डायअसेटिल या रसायनाचं तेच. लोण्यासारखा, बटरस्कॉचसारखा हा वास लागरमध्ये सरळ दोष धरतात. काही इंग्लिश एलमध्ये मात्र तो किंचित असला तर चालतो, माल्टला गोलाई देतो. माझी मर्यादा अशी: तो शोधावा लागला तर ठीक, आपणहून समोर आला तर गुण कापा. जिभेवर तेलकट, निसरडा थर जाणवला तर नक्कीच कापा. कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं. आंबवण संपायच्या आधीच बिअर थंड केली किंवा यीस्ट वेगळं काढलं, त्यामुळे तयार झालेलं डायअसेटिल यीस्टला परत खाता आलं नाही. किंवा पबची नळी अस्वच्छ आहे आणि तिच्यातले जिवाणू ते तयार करतात; अशा वेळी जोडीला आंबटपणाही येतो. घरी बिअर करणाऱ्यांनी भरण्यापूर्वी साधी चाचणी करावी. दोन झाकणबंद नमुने घ्या, एक ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारख्याच तापमानाला आणून हुंगा. फक्त तापवलेल्यात लोण्याचा वास आला तर डायअसेटिलचा कच्चा माल बिअरमध्ये अजून शिल्लक आहे; बिअर आणखी दोन-तीन दिवस उबदार जागी यीस्टवरच राहू द्या.

फळांचा वासही असाच मात्रेचा. संत्र्याच्या मार्मलेडची झाक, पिकलेलं सफरचंद, थोडं नासपती, हे इंग्लिश यीस्टचं देणं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा किंवा ताज्या रंगाच्या डब्यासारखा वास मात्र असिटाल्डिहाइडचा, म्हणजे बिअर कोवळी आहे. फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज या हॉप्सकडून (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांकडून) माती, वाळलं गवत, फुलं, किंचित मसाला अपेक्षित असतो. ग्रेपफ्रूट, पाइन, आंबा येऊ लागला तर तो बहुतेक अमेरिकी हॉप्सचा प्रताप. बिअर उत्तम असू शकते, पण या गटात तिचे गुण कमीच भरणार.

रूपाला फार वेळ देऊ नका. बीजेसीपीच्या तक्त्यात त्याला ५० पैकी जेमतेम ३ गुण आहेत. रंग गडद सोनेरी ते तांबूस. फेस बेताचा चालतो. पिंपातल्या एलमध्ये कार्बन डायऑक्साइड सुमारे १ ते १.२ व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू) असतो, केगमधल्या, म्हणजे दाबाखाली वायू भरलेल्या बंद पिंपातल्या, लागरमध्ये साधारण २.५, तेव्हा बुडबुडे कमी म्हणून ओरड करू नये. गढूळपणा दिसला तर ग्लास हातात धरून थोडा गरम होऊ द्या. निवळला तर ते थंडीमुळे साकळलेलं प्रथिन, चवीला निरुपद्रवी. नाही निवळला तर यीस्ट किंवा जिवाणू, आणि मग वासाकडे परत जा.

आता घोट. वाइनसारखं थुंकून भागत नाही, कारण या बिअरचा निकाल गिळल्यानंतर लागतो. मध्यम घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळा आणि तीस सेकंद काही करू नका. आधी बिस्किट, पावाची कड, थोडी टॉफी. मग मधोमध फळ. आणि शेवटी कडवटपणा वर चढून तोंड कोरडं, स्वच्छ करून गेला पाहिजे. टॉफीच मागे चिकटून राहिली तर क्रिस्टल माल्ट, म्हणजे टॉफीसारखी चव देणारा भाजलेला माल्ट, जास्त झालाय. घरी करणाऱ्यांची ही आवडती चूक. एकूण धान्याच्या ५ ते १० टक्के तो पुष्कळ होतो. उरलेलं काम मॅरिस ऑटरसारख्या चांगल्या पेल माल्टवर सोपवा.

कडवट आणि तुरट यांत गल्लत करू नका. कडवटपणा जिभेवर लागतो आणि ओसरतो. तुरटपणा हिरड्यांना, गालांना आतून ओढतो, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा. माल्ट धुताना पाणी ७७-७८ अंशांच्या वर गेलं किंवा शेवटच्या रसाचा पीएच ६ च्या पुढे सरकला की सालींतलं टॅनिन उतरतं, ते हे. तिसरा प्रकार खडूसारखा खरखरीत कोरडेपणा: जिप्समचा अतिरेक. १० लिटर पाण्यात १ ग्रॅम जिप्समने सल्फेट सुमारे ५६ पीपीएम (दहा लाखांत ५६ भाग) आणि कॅल्शियम २३ पीपीएम वाढतं. बर्टनचे आकडे तंतोतंत गाठण्याचा हट्ट कशाला? सल्फेट २००-३०० पीपीएमच्या आसपास पोचलं की बहुतेक पाककृतींना पुरतं.

काही दोषांना मात्र मात्राबित्रा काही नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली, ऑक्सिजन लागला. स्कंक या प्राण्यासारखा उग्र दर्प म्हणजे पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर उजेड पडून हॉप्समधले घटक बिघडले. औषधी, मलमपट्टीसारखा वास बहुतेकदा पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. व्हिनेगरचा आंबटपणा पिंपातल्या एलमध्ये येऊ शकतो, कारण पिंप उघडल्यावर आत हवा शिरते. तीन दिवसांत ते संपायला हवं. ९ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटरचं फर्किन आठवडाभर लावून ठेवलं असेल तर दोष ब्रुअरीचा नाही, तळघर सांभाळणाऱ्याचा.

बीजेसीपीच्या तक्त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. शेवटचे १० देण्याआधी ग्लास अर्धा होऊ द्या. पहिल्या घोटाला दिमाखदार वाटलेली गोडसर एल अर्ध्यावर जड होते. साधी वाटलेली कोरडी एल तिथेच उजळते. मी तरी या १० गुणांत एवढंच बघतो, की पुढचा घोट आपोआप घेतला गेला का.

बऱ्याच बिअर एका बैठकीत असतील तर कमी अल्कोहोलकडून जास्तीकडे जा, मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव घ्या, आधी कॉफी किंवा अत्तर टाळा. सहा-सातच्या पुढे जीभ भरवशाची राहत नाही. ती किती घसरली हे कळायला दुसऱ्या कुणाला तरी पहिलीच बिअर शेवटी खूण न करता पुन्हा द्यायला सांगा. दोन्ही वेळच्या गुणांत पाच-सहाचा फरक पडला, तर मधल्या तक्त्यांवरचे आकडे खोडून त्या बिअर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा.