तीन सायकलींचा हिशेब

विमा कंपनीच्या मेलमध्ये एकच ओळ होती : ‘सदर लाभाची मर्यादा संपुष्टात आल्याने पूर्वमंजुरी देता येत नाही.’ आयव्हीएफचे, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचे, उपचार घेणाऱ्या आमच्या कंपनीतल्या एका मुलीने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “सर, तीन सायकल म्हणजे नक्की काय? माझ्या तर अजून दोनसुद्धा झालेल्या नाहीत.”

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. मी कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बेनिफिट्सचं काम बघतो. वंध्यत्वावरच्या उपचारांचा खर्च विम्यात आणायचा प्रस्ताव मीच मांडला होता आणि तो मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. संचालकांसमोर मी जागतिक आरोग्य संघटनेचा 2023चा आकडा ठेवला होता : जगात साधारण सहांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न भेडसावतो. म्हणजे आपल्या प्रत्येक मजल्यावर अशी माणसं बसलेली आहेत, असं मी सांगितलं. प्रस्ताव मंजूर झाला. ‘हयातीत तीन उपचारचक्रं’ हे शब्द पॉलिसीत आले. त्या शब्दांखाली माझी सही आहे.

मी पुरुष, त्यात वयाने मोठा. तिला बोलायला अवघड जाईल असं वाटून मी एका सहकारी बाईंना बोलावू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “नको, आता कुणालाही सांगायची सवय झालीय.” मग तिने माझ्याच वहीत आकृती काढून मला सगळं समजावलं.

पहिल्या वेळी बीजांडकोशाला चालना देणारी इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, ठरलेल्या वेळी, पोटात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. नवव्या दिवशी फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजं वाढतात त्या पिशव्या, इतके वाढलेले दिसले आणि रक्तातलं इस्ट्रोजेन इतकं चढलं, की डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. पुढे गेलं असतं तर पोटात पाणी साठून जिवावर बेतू शकलं असतं. एग पिकअप, म्हणजे स्त्रीबीजं बाहेर काढणं, झालंच नाही. विमा कंपनीच्या वहीत : एक.

दुसऱ्या वेळी डोस कमी केला. पिकअप झालं, पाच भ्रूण तयार झाले. पण त्याच धोक्यामुळे लगेच ट्रान्सफर न करता, म्हणजे गर्भाशयात न सोडता, पाचही गोठवून ठेवले. विमा कंपनीच्या वहीत : दोन.

दोन महिन्यांनी त्यातला एक भ्रूण गर्भाशयात सोडला. रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली. विमा कंपनीच्या वहीत : तीन.

आणि आता दुसऱ्या भ्रूणाची वेळ आली होती. चार भ्रूण गोठवलेले, तयार. आणि तिची मर्यादा संपलेली.

वैद्यकीय हिशेबाने बघितलं तर हे सगळं मिळून एक अर्धवट राहिलेली सायकल आणि एक अजून चालू असलेली. एकदा बीजांडकोशाला चालना दिली, की त्यातून तयार झालेले ताजे आणि गोठवलेले सगळे भ्रूण वापरून होईपर्यंत ती एकच पूर्ण सायकल. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्ण सायकलची व्याख्या अशीच आहे. मला हे त्या दिवशी दुपारी कळलं. दोन वर्षं मी या विषयावर बोलत होतो, सादरीकरणं करत होतो, आणि ज्या शब्दावर सगळा लाभ उभा होता त्याची व्याख्या पॉलिसीत आहे का, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. ती नव्हतीच. व्याख्या नसली की विमा कंपनी बिलं मोजते. जितक्या वेळा फाइल उघडली, तितकी चक्रं.

मी म्हटलं, “आपण फेरविचारासाठी अर्ज करू. पाच कामाचे दिवस लागतात.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “प्रोजेस्टेरॉन कालच सुरू झालंय.”

याचा अर्थ बाहेरच्या माणसाला लागणार नाही; मलाही लागला नव्हता. गर्भाशयाचं अस्तर आधी इस्ट्रोजेनने वाढवतात, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. ते सुरू झालं की घड्याळ चालू. पाच दिवस वाढवून गोठवलेला भ्रूण साधारण सहाव्या दिवशी सोडावा लागतो, कारण अस्तर त्याला स्वीकारायला तेव्हाच तयार असतं आणि ती वेळ फार थोडी असते. सोमवारी सुरुवात, म्हणजे शनिवारी ट्रान्सफर. पाच कामाचे दिवस पुढच्या मंगळवारी संपत होते. शनिवार हुकला तर औषधं बंद, पाळी येऊ द्यायची, महिनाभराची तयारी पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतरचे सहा तास मी फोनवर होतो. विमा कंपनीच्या प्रतिनिधीने मला तेच वाक्य चार वेळा वाचून दाखवलं. त्याचा दोष नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर ‘3/3’ असं दिसत होतं आणि त्यापलीकडे विचार करायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. पण त्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दोष मी मानतो. त्यांना थांबवलेली सायकल आणि पूर्ण सायकल यातला फरक नक्की माहीत होता, आणि ते म्हणाले, “करारात लिहिलेलं नाही.” आमचे अर्थविभागप्रमुख म्हणाले, “तीन म्हणजे तीन. एकाला चौथी दिली की सगळे मागतील.” मी त्यांना वही दाखवली, तिने काढलेली आकृती दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, हे मात्र मला सांगितलं पाहिजे. शेवटी म्हणाले, “वरून लेखी आणा.”

माझ्या वरिष्ठ बाई मीटिंगमधून बाहेर आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “व्याख्या लिहायची राहिली, ती आपल्याकडून ना?” मी हो म्हणालो. “मग खर्च आपला.” कल्याणनिधीतून शनिवारचा खर्च मंजूर झाला. सव्वासहाला मी तिला फोन केला. ती “बरं” म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही फोन ठेवला नाही.

रजेचा भाग आम्ही आधीच सुधारला होता आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्याकडे नियोजित रजेला सात दिवस आधी अर्ज लागायचा. पिकअप तर स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन दिल्यावर साधारण छत्तीस तासांनी होतं, आणि ते इंजेक्शन कधी द्यायचं हे त्याच दिवशीच्या सोनोग्राफीनंतर ठरतं. सात दिवस आधी कुणी काय सांगणार? आता अशा रजेला कारण लिहावं लागत नाही आणि टीमलीडला फक्त ‘वैद्यकीय’ एवढंच दिसतं. शनिवारनंतरच्या दोन दिवसांची रजा तिने याच नियमाने घेतली.

माहितीसत्रं मात्र मी नव्याने बांधली. आधी डॉक्टर यायचे, वय आणि स्त्रीबीजं यांवर बोलायचे, समोर सगळ्या बायका बसलेल्या. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण पूर्णपणे किंवा काही अंशी असतं. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे आज तंबाखू सोडली तर तपासणीत फरक दिसायला तेवढं थांबावं लागतं. हे ऐकायला पुरुष हवेत. आम्ही निमंत्रणातून ‘महिला कर्मचाऱ्यांसाठी’ हे शब्द काढले. तरी पहिल्या वेळी चारच पुरुष आले. मला याचा राग येतो. तपासणीला सगळ्यात सोपी गोष्ट पुरुषाची, आणि सगळ्यात शेवटी तीच होते. आता सत्राचा एक तास फक्त पॉलिसी वाचायचा असतो : चक्र म्हणजे काय, थांबलेलं चक्र कसं मोजलं जातं, गोठवलेल्या भ्रूणांच्या साठवणुकीचं भाडं कोण भरतं. रिन्यूअलच्या वेळी व्याख्या करारात आली. पिकअप झाल्याशिवाय चक्र मोजायचं नाही, आणि एका पिकअपमधले सगळे भ्रूण मिळून एक.

तिच्या त्या शनिवारचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जिन्यात भेटलो की ती हसते.

झोप लागू देत नाही ती वेगळीच गोष्ट. व्याख्या बदलताना मी विमा कंपनीचा जुना गोषवारा मागवला. त्यात आणखी दोन ओळी होत्या : ‘मर्यादा संपुष्टात’, ‘मर्यादा संपुष्टात’. नावं नाहीत. या लाभाच्या अहवालात कुणाचंही नाव कंपनीला कळता कामा नये, ही अट मीच हट्टाने घातली होती आणि आजही घालीन. त्या दोघांना ती ओळ आली, त्यांनी ती वाचली आणि ते कुणाच्याही टेबलाशी आले नाहीत. विमा कंपनीला मी सांगितलं, तुमच्यामार्फत त्यांना कळवा की फाइल पुन्हा उघडता येईल. त्यांनी पाठवलं म्हणतात. मी सगळ्या कर्मचाऱ्यांनाही मेल केला, नव्या व्याख्येसह, खाली माझा थेट नंबर. चार महिने झाले. चौकशीचे पुष्कळ फोन आले, त्या दोघांपैकी कुणाचाही आला नाही. एकाने मधल्या काळात नोकरी सोडली असेल तर मेल पोचलाच नसेल. गेल्या आठवड्यात मी तो पुन्हा पाठवला.