येलिंगच्या शिळेवर ‘हाराल्ड’ वाचताना

डेन्मार्कमधल्या वायले स्टेशनवरून लोकल गाडी पकडली की साधारण पंधरा मिनिटांत येलिंग येतं. तिथून चर्च चालण्याच्या अंतरावर आहे. दोन्ही बाजूंना मातीच्या प्रचंड टेकड्या, मध्ये पांढरं चर्च आणि त्याच्या दारासमोर काचेच्या पेट्यांत दोन शिळा.

आधी धाकटी शिळा दिसली तर तिथे दहाव्या शतकातला डॅनिश राजा हाराल्ड याचं नाव शोधत बसू नका. ती त्याचे वडील गोर्म यांनी राणी थीरासाठी उभारलेली. हाराल्डची ती मोठी, सुमारे दहा टनांची, इ.स. 965च्या आसपासची.

रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी. ती बहुतेक शिळांवर उभी किंवा वेटोळ्यात कोरलेली असते. इथे मात्र पोथीसारख्या आडव्या ओळी, डावीकडून उजवीकडे. मजकुराच्या बाजूची पहिलीच ओळ ज्या शब्दाने सुरू होते, ते आपलं नाव. पहिलं अक्षर ‘ह’: उभी रेघ आणि तिच्यावर फुली. पुढे सरकत शेवटून दुसऱ्या अक्षराशी थांबा. वर टोक केलेल्या बाणासारखं ते दिसतं. हा ‘त’. त्या काळच्या रून लिपीत फक्त 16 अक्षरं, ‘द’ला वेगळं चिन्हच नाही, म्हणून नाव ‘हाराल्त्र’ असं उमटलंय. शेवटचा ‘र’ प्रथमा विभक्तीचा प्रत्यय. ‘चा मुलगा’ म्हणताना तो गळून ‘स’ येतो: हाराल्डसन. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला हेच नाव पुन्हा भेटतं. तिथे ओळख पक्की करून घ्यावी. काचेवर ऊन चकाकत असेल तर समोरून काही दिसत नाही, थोडं तिरकं उभं राहावं.

अर्थ? जुन्या जर्मॅनिक भाषेत ‘हार्या’ म्हणजे सैन्य, ‘वाल्द’ म्हणजे सत्ता चालवणं. फौजेवर हुकूमत असलेला. नाव या शिळेहून कितीतरी जुनं: इ.स. 16 मध्ये रोमनांच्या बाजूने लढताना पडलेला बटाव्ही या जर्मॅनिक टोळीचा सरदार कारिओवाल्दा, त्याचं नावही याच दोन शब्दांचं. आणि 1991 मध्ये नॉर्वेच्या गादीवर आले तेही हाराल्डच, पाचवे.

या राजा हाराल्डचं ‘ब्लूटूथ’ हे टोपणनाव शिळेवर नाही, ते पुढच्या काळातल्या लिखाणात येतं. मोबाइलवरचं ते चिन्ह मात्र ‘ह’ आणि ‘ब’ या दोन रूनांची जोडणी आहे. फुलीवाला ‘ह’ पाहून झाला की त्यात लगेच सापडतो.

डॅनिश माणसासमोर नाव घेताना शेवटचा ‘ड’ उच्चारू नका. लिहितात, पण म्हणत नाहीत.