तुम्ही विचारलंत म्हणून: रॉजर स्टोनवरचा माहितीपट मुलांना दाखवावा का?

पालकसभा संपली, की जिन्यापाशी कोणीतरी गाठते आणि आवाज खाली आणून विचारते, "मॅडम, तो रॉजर स्टोनचा पिक्चर मुलांना दाखवायचा का हो?" मी नाशिकमधल्या एका शाळेत राज्यशास्त्र शिकवते, आणि दहावीचा 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ शिकवताना 'गेट मी रॉजर स्टोन' या माहितीपटाचे नाव वर्गात मीच घेतले होते, तेव्हा हे शुक्लकाष्ठ माझ्यामागे लागले यात इतर कोणाचा दोष नाही. मात्र जिन्यावर उभ्याउभ्या देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

हा माहितीपट २०१७ साली नेटफ्लिक्सवर आला. रॉजर स्टोन हे अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाच्या वर्तुळातले निवडणूक-रणनीतीकार. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या १९७२ च्या निवडणूक प्रचारात शिकाऊ म्हणून काम केलेल्या या गृहस्थांनी पुढे ट्रम्प यांना अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरवण्याचा ध्यास कित्येक वर्षे घेतला होता. त्यांच्या पाठीवर निक्सन यांचा चेहरा गोंदवलेला आहे आणि तो ते कौतुकाने दाखवतात.

पालकांची पहिली शंका शिव्यांची आणि 'तसल्या' दृश्यांची असते. शिव्या आहेत. १९९६ साली पती-पत्नींच्या अदलाबदलीच्या जाहिरातींचे प्रकरण उघडकीस आल्यावर स्टोन यांना रिपब्लिकन पक्षाचे त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल यांच्या प्रचारातून बाहेर पडावे लागले. जाहिराती आपल्या नाहीत असे त्यांनी तेव्हा सांगितले आणि पुढे त्या आपल्याच असल्याचे मान्य केले. तो विषय निघाला की आईवडिलांना पाण्याचा ग्लास आणायला उठावेसे वाटते. उठू नये. मुलांनी मोबाइलवर याहून बरेच काही पाहिलेले असते.

मला काळजी वाटते ती निराळीच. स्टोन मुलांना आवडतात. बेतीव सूट, हजरजबाबीपणा आणि टीका हसत अंगावर घेण्याची ऐट यांमुळे पडद्यावर त्यांच्यासमोर कोणाचे काही चालत नाही. जेन मेयर, जेफ्री टूबिन यांच्यासारखे जाणते पत्रकार त्यांच्याविषयी कठोर बोलतात. परंतु जो माणूस आपली बदनामी मिरवतो, त्याला ते बोलणे लागणार तरी कसे? अध्येमध्ये त्यांचे 'नियम' येतात. अनोळखी राहण्यापेक्षा कुप्रसिद्ध झालेले बरे, हा त्यांतलाच एक. चौदा वर्षांच्या मुलाच्या कानाला हे फार गोड लागते.

हे मी पुस्तकी शहाणपणाने सांगत नाही. माझा मुलगा नववीत असताना एका रविवारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले आणि त्याला हा माहितीपट एकट्याने पाहू दिला. स्टोन आपल्या बालपणीची एक गोष्ट नेहमी सांगतात. १९६० साली त्यांच्या शाळेत केनेडी विरुद्ध निक्सन अशी लुटुपुटूची निवडणूक झाली; तेव्हा केनेडींच्या बाजूने असलेल्या छोट्या रॉजरने निक्सन आले तर शनिवारीही शाळा भरेल असे मुलांना सांगितले, आणि केनेडी जिंकले. खोट्या माहितीची किंमत आपल्याला तेव्हा कळली, असे ते स्वतःच म्हणतात.

पुढे पंधरा दिवसांनी मुलाच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक झाली. आमचे चिरंजीव उमेदवार होते आणि त्यांच्यासमोर शेजारच्या इमारतीतली एक मुलगी उभी होती. ती निवडून आली तर शनिवारचा पीटीचा तास गणिताला देणार आहे, एवढे एकच वाक्य त्याने शाळेच्या व्हॅनमध्ये सोडून दिले. रात्री जेवताना त्याने हा पराक्रम मला सांगितला आणि, लपवण्यात अर्थ नाही, मी आधी हसले. युक्ती साधी होती, चपखल होती आणि मुलगा आपला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडून कळले, की ती दोन दिवस व्हॅनमध्ये प्रत्येकाला "मी असं कधी म्हटलं?" एवढेच विचारत होती. त्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नव्हते, कारण तास जाणार नाही हे कळल्यावर मुलांना त्या विषयात रस उरला नव्हता. मी मुलाला तिच्या घरी पाठवले. दारातूनच "बरं" म्हणून ती आत गेली.

त्यानंतर आम्ही तो माहितीपट पुन्हा पाहिला, या वेळी शेजारी बसून आणि हातात रिमोट घेऊन. माझे म्हणणे एवढेच आहे, की नववीच्या आत दाखवू नये आणि नंतरही एकट्याने पाहू देऊ नये. १९८० मध्ये पॉल मॅनफोर्ट या सहकाऱ्यासोबत काढलेल्या लॉबिंग कंपनीचा, म्हणजे पैसे घेऊन इतरांची कामे सरकारदरबारी रेटणाऱ्या कंपनीचा, भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. तो पुढे सरकवला तरी चालेल. थांबायचे ते २००० सालच्या मायामीपाशी. त्या वर्षीच्या बुश विरुद्ध गोर या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातला निकाल शेवटी ५३७ मतांवर ठरला, आणि त्याआधी मायामीत मतांची फेरमोजणी चालू असताना गोंधळ घालून ती बंद पाडण्यात आली. तो गोंधळ आपण घडवला असे स्टोन सांगतात. त्यांच्याच बाजूच्या काहींना हा दावा मान्य नाही. न केलेल्या कामाचे श्रेयही माणूस घेऊ शकतो, हे मुलांच्या ध्यानात येत नाही. तेथे रिमोट दाबून विचारावे, "हे आपल्याला कोण सांगतंय?"

हे सगळे अमेरिकेत चालते असे मुलाला वाटू लागले, की मी त्याला दिंडोरीला नेते. १९७२ मध्ये स्टोन यांनी निक्सन यांच्याच पक्षातल्या एका प्रतिस्पर्ध्याला समाजवादी तरुणांच्या संघटनेच्या नावाने देणगी दिली आणि तो डाव्यांचा माणूस वाटावा म्हणून तिची पावती वृत्तपत्राकडे धाडली. सगळा खेळ नावाचा होता. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात विजयी उमेदवाराचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते, आणि त्याच आडनावाच्या एका अपक्षाला ट्रम्पेट मिळाले होते, ज्याला कोणी तुतारी तर कोणी पिपाणी म्हणत होते. कायद्याने त्यात गैर काहीच नव्हते. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. माझी मावशी त्याच मतदारसंघातली. मतदान करून आल्यावर ती अभिमानाने म्हणाली, "तुतारी दाबली बरं का!" चित्रात माणूस होता का, असे मी विचारले. ती थोडा वेळ बोटावरच्या शाईकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुतारी होती बाई." मुलाला नाव आणि चिन्ह यांचे मोल मावशीमुळे जितके कळले, तितके मायामीमुळे कळले नाही.

आणखी एक काम पालकांनाच करावे लागते, कारण माहितीपट २०१७ मध्येच थांबतो. जानेवारी २०१९ मध्ये स्टोन यांना अटक झाली. संसदीय समितीपुढे खोटे बोलणे, साक्षीदारावर दबाव आणणे आणि चौकशीत अडथळा आणणे अशा सातही आरोपांत ते त्याच वर्षी दोषी ठरले आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांना चाळीस महिन्यांची कैद सुनावण्यात आली. तुरुंगात हजर होण्याची तारीख जवळ आलेली असताना ट्रम्प यांनी ती शिक्षा रद्द केली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना पूर्ण माफी दिली.

हे ऐकून माझा मुलगा म्हणाला, "म्हणजे शेवटी जिंकला तोच ना?" त्यावर आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले आणि सकाळी त्याची व्हॅन चुकली. तुम्ही शनिवारी दुपारी लावा.