आकड्याची शेपटी

सदाशिव पेठेतील एक वाडा पुनर्विकासासाठी पाडला गेला आणि तेथील भिंतीवरचे युंगहान्स या जर्मन कंपनीचे घड्याळ कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गेले. तेथे ते अर्ध्या तासात बंद पडू लागले, म्हणून मालक ते माझ्याकडे घेऊन आले. जागा बदलल्यावर रुसणाऱ्या घड्याळाला बहुधा फक्त नीट टांगावे लागते, कारण टिक आणि टॉक यांमधले अंतर सारखे नसेल तर लंबक थांबतो. हे मी फोनवर फुकट सांगतो आणि लोक ते फुकट म्हणूनच ऐकत नाहीत. येथे मात्र ठेका सारखा असूनही झोका लहान लहान होत होता, म्हणजे स्प्रिंगचा जोर वाटेतच कोठेतरी खर्ची पडत होता.

दोन्ही स्प्रिंगांचा ताण उतरवून प्लेटा उघडल्या, तेव्हा मागच्या प्लेटवर, तिसऱ्या चाकाचा आस ज्यात फिरतो त्या भोकाभोवती, पंचाचे, म्हणजे ठोकण्याच्या टोकदार पोलादी हत्याराचे, सहा खळगे दिसले. झिजून लंबगोल झालेले भोक मूळ केंद्र राखून रीमरने मोठे करायचे आणि त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायचा, ही खरी रीत. भोवतीचे पितळ ठोकून भोक आवळणे ही पळवाट आहे; दबून पुढे आलेली कड इतकी पातळ असते की ती लवकरच झिजते, चाक कलते, दात नीट भिडत नाहीत आणि प्लेट मात्र कायमची विद्रूप होते. मी मालकांना लगेच फोन करून सांगितले, "कोण्या कसाबाने हात घातला आहे."

मग भिंगातून पाहिले. खळग्यांना लागून सुईने कोरलेली खूण होती : वर्तुळात टिंब, खाली १९७१. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या अण्णांची ती खूण. पंच हातात घेतला म्हणून त्यांनी मला एकदा दिवसभर दुकानाबाहेर बसवले होते.

ठोके त्यांच्यानंतर कोणी मारले असावेत, अशी आशा मी तासभर धरली. पण आकड्यातील शेवटच्या एकाची शेपटी एका खळग्याच्या काठाशी तुटते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा टेकून पुढे जाते. ठोका नंतरचा असता, तर ती रेघ दबलेल्या अवस्थेत खळग्याच्या उतारावर उरली असती. खळगे आधीचे, खूण नंतरची.

गिऱ्हाइकाकडे पैसे नसतील, असे मी स्वतःला समजावले. तसली कामे मीही केली आहेत, मात्र त्यांवर खूण कधी केली नाही. त्यांनी ती का केली, हे मला अजून उलगडत नाही.

बुश बसवताना आतले चार खळगे गेले. शेपटीजवळचा आणि त्याच्या शेजारचा असे दोन उरले. ते मी घासले नाहीत. घड्याळ नेताना मालकांनी विचारले, "तो कसाब कोण, कळलं का हो?" मी लंबक कागदात गुंडाळत होतो. "जुनं काम आहे," एवढेच म्हणालो.