विमान पडल्याचा दाखला

पैसे पुढे केले तरी दुकानदार देत नाही, अशा एका घड्याळामागे माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. घड्याळ माझं नाही, मामांचं. मामा म्हणजे वायुदलातले निवृत्त विंग कमांडर, मुक्काम पुणे, वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. गोष्ट कोविडच्या आधीची आहे, पण दिल्लीतल्या त्या कार्यालयाचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. म्हणून त्याचं नावच घेत नाही.

आधी घड्याळ. हेन्ली-ऑन-टेम्सला ब्रेमाँट नावाची कंपनी आहे, निक आणि जाइल्स इंग्लिश या दोन भावांनी 2002 मध्ये सुरू केलेली. लष्करी वैमानिकांच्या तुकड्यांसाठी त्या त्या तुकडीपुरती घड्याळं करून देणं हा त्यांचा एक मोठा उद्योग. अमेरिकेच्या यू-टू या टेहळणी विमानाच्या वैमानिकांनी त्यांच्याकडून घड्याळ करून घेतलं होतं. तसा हा प्रकार जुनाच. ब्राइटलिंगने 1980च्या दशकात इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी या कसरतपटू तुकडीसाठी घड्याळ केलं आणि मग तेच पुढे बाजारातही धडाक्यात चालवलं. पण ब्रेमाँटचं एमबी-वन सगळ्यांत वेगळं. ते घ्यायला तुम्ही एकदा तरी मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटवरून, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीवरून, खरोखर बाहेर पडलेले असावे लागता. तेही जीव वाचवण्यासाठी. घड्याळाच्या कवचाचा मधला पट्टा लाल असेल तर ते एमबी-वन. तसंच दिसणारं एमबी-टू कुणालाही मिळतं, हिरव्या, नारिंगी वगैरे पट्ट्यांत. लाल मात्र नाही.

मामांनी 1970च्या दशकात हंटर या लढाऊ विमानातून इजेक्ट केलं होतं. हवेत इंजिन बंद पडलं, पुन्हा पेटेना, खाली वस्ती नाही असं बघून त्यांनी विमान सोडलं. हातातलं एचएमटी त्या गडबडीत कुठे गेलं त्याचा पत्ता नाही. पाठीचा एक मणका दबला, काही महिने जमिनीवरची ड्यूटी केली, मग पुन्हा उडायला लागले. घरात ही गोष्ट दोन वाक्यांत संपायची. पण रेडिंगला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने या घड्याळाबद्दल सांगितल्यावर गडी एकदम पेटला. "अगं, म्हणजे ते विमान पाडल्याबद्दल मला काहीतरी मिळणार!" असं म्हणाले आणि कागदपत्रांचं काम माझ्यावर ढकलून मोकळे झाले. मी ठाण्यात राहते, कचेरीत काम करते, म्हणजे मला सरकारी भाषा येते असा त्यांचा समज.

इंग्लंडकडची बाजू सोपी निघाली. ईमेलला सभ्य उत्तर आलं. तारीख, विमान आणि त्यात तुम्हीच होता याचा काहीतरी कागद, एवढंच मागितलं. मार्टिन-बेकरच्या नोंदींत त्या वर्षीचं भारतातलं एक हंटर होतं, पण वैमानिकाचं नाव नव्हतं. नाव आणि तारीख जोडणारा एक कागद द्या, बस्स.

इथेच एक सांगून ठेवते, कारण हे नंतर मलाच कितीतरी जणांनी विचारलं. आधी खुर्ची कुणाची होती ते बघा. हंटर, कॅनबेरा, किरण, जग्वार, मिराज 2000, हॉक, नौदलाचं सी हॅरियर, तेजस या सगळ्यांत मार्टिन-बेकर. मिग-21 मध्ये रशियन खुर्ची. नॅटमध्ये फॉलंड कंपनीची स्वतःची. मामांचे एक जिवलग मित्र मिगमधून बाहेर पडलेले, त्यांचा अर्ज इथेच संपला. ते अजून म्हणतात की आपल्याकडे खुर्चीवरही परदेशी शिक्का लागतो.

आता तो एक कागद.

मामांची फ्लाइंग लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, होती. त्या दिवसाची नोंद, खाली फ्लाइट कमांडरची सही. सहीवाल्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पानावरची शाई फिकी पडून तपकिरी झाली होती. स्कॅन केल्यावर नेमकी तारीखच दिसेना. म्हणून म्हटलं, वायुदलाच्या जुन्या नोंदी जिथे असतात तिथून रीतसर पत्र घेऊ. केवढी मोठी गोष्ट आहे ती?

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्यानंतर फोन लागला. पलीकडचे गृहस्थ गोड बोलायचे, त्यामुळे जास्तच राग यायचा. त्यांनी सांगितलं, सेवेत असताना विमान अपघातात दुखापत झाल्याचं पत्र देता येईल. मी म्हटलं, द्या. पत्र आलं. त्यात मामांचं नाव, सर्व्हिस नंबर, अपघाताचं वर्ष, दुखापत "सेवेमुळे" झाली हे सगळं होतं. विमान कुठलं ते नव्हतं. पूर्ण तारीख नव्हती. आणि इजेक्शनचा उल्लेख औषधालाही नव्हता. ते पत्र वाचून मामा जिन्यावरून घसरून पडले असावेत असंही कुणाला वाटलं असतं.

फोन केला. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, त्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

मी म्हटलं, मग शेऱ्यात लिहा.

"शेरा वैद्यकीय विभागाचा असतो."

वैद्यकीय विभागात म्हणाले, मणका कशाने दबला हे आमच्या फाइलमध्ये आहे, पण विमानाची माहिती आम्ही लिहू शकत नाही, ती दुसरीकडची. दुसरीकडचे म्हणाले, अपघाताच्या चौकशीचे कागद गोपनीय. मी चौकशी मागितलीच नव्हती! चूक वैमानिकाची की इंजिनाची, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. हा माणूस अमुक दिवशी अमुक विमानातून खुर्चीसकट बाहेर पडला आणि जिवंत राहिला, एवढं एक वाक्य हवं होतं. ते वाक्य कुणाच्याच अखत्यारीत नव्हतं.

मधल्या काळात त्या गृहस्थांनी मला काय मागितलं सांगू? मामांचा हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी देतात तो. मामा तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. ते ओरडले, "अहो, जिवंत राहिलो याचाच तर कागद मागतोय!" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सर, बोलणारे तुम्हीच आहात हे आम्हाला कसं कळणार?" यावर मामांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. दाखला पाठवला.

तो मिळाल्याची पोच आली. पुढे काहीच नाही.

शेवटी माहितीचा अधिकार. हे मी आधीच करायला हवं होतं असं माझे मिस्टर म्हणतात, पण त्यांना हंटर आणि हेलिकॉप्टरमधला फरक कळत नाही, तेव्हा ते जाऊ दे. वायुदल माहिती अधिकाराच्या बाहेर आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. कलम 24 मध्ये वगळलेल्या संस्थांची यादी आहे ती गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांची. सेनादलं तिच्यात नाहीत. अर्ज ऑनलाइनही जातो, फी दहा रुपये. अर्ज मामांच्याच नावाने केला, कारण दुसऱ्याच्या सेवेची माहिती मागितली की कलम 8(1)(ञ), म्हणजे खासगी माहिती, असं सांगून दार लावून घेतात. स्वतःची मागितली की निदान तेवढी पळवाट बंद होते.

मामांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, अस्सल सैनिकी. "मी अमुक तारखेला हंटर विमानातून इजेक्ट झालो होतो की नाही, ते कळवावे." तीस दिवसांची मुदत असते. पहिल्यांदा आलं ते अर्ज कलम 6(3) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केल्याचं पत्र. कायद्याने हे वर्ग करणं पाच दिवसांत व्हायला हवं. पाच दिवस म्हणजे काय, यावर त्या पत्राची तारीख आणि पाकिटावरचा शिक्का यांचं एकमत नव्हतं. दुसऱ्या कार्यालयाने लिहिलं, आपण विचारलेला प्रश्न कायद्यातल्या "माहिती"च्या व्याख्येत बसत नाही. खाली आणखी एक ओळ होती: त्या काळातल्या काही नोंदी नियमानुसार नष्ट केलेल्या असू शकतात.

"असू शकतात"! मामा तीन दिवस नीट जेवले नाहीत. मलाच वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीबद्दल ते स्वतःहून चकार शब्द काढत नव्हते, ती घडलीच नव्हती असं कुणीतरी छापील कागदावर सुचवत होतं. एका रात्री जेवणानंतर ते खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात डोक्यामागून वर नेले आणि झटक्यात खाली छातीपर्यंत ओढले. म्हणाले, आमच्या खुर्चीला मांड्यांमधलं हँडल नव्हतं. दांडी डोक्यावर असायची, ओढली की कापडाचा पडदा तोंडावर यायचा आणि खुर्चीखालचा स्फोटकाचा बार उडायचा. पडद्यामुळे मान सरळ राहते आणि वाऱ्याचा मारा तोंडावर बसत नाही. "पडद्याला कॅनव्हासचा वास होता," म्हणाले. एवढंच. मग पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

मला दुसऱ्या दिवशी अपील लिहायला जोर आला तो त्यामुळे.

पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचं. केंद्र सरकारच्या कार्यालयांत त्याला फी नाही. या वेळी मी प्रश्न विचारलाच नाही. कायद्यानुसार त्यांनी नवीन माहिती तयार करून द्यायची नसते. असलेल्या कागदाची प्रत द्यायची असते. म्हणून लिहिलं की अपघातात मामांना दुखापत झाली, ते तुमच्याच पत्रात मान्य आहे. त्यानंतर त्यांची वैद्यकीय श्रेणी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, खाली आणली गेली. श्रेणी बदलताना दुखापतीचा अहवाल तयार होतो आणि त्यात दुखापत कशी झाली ते लिहिलेलं असतं. त्या अहवालाच्या फक्त त्या पानाची साक्षांकित प्रत द्या. चौकशीचा निष्कर्ष, कारणमीमांसा, इतर कुणाची नावं झाकून टाका. कलम 10 खाली तसा अंशतः भाग देता येतो. आणि नोंदी नष्ट केल्या असतील तर कोणत्या तारखेच्या आदेशाने, त्या आदेशाची प्रत द्या. ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची. फाइल नष्ट झाली असं म्हणणं सोपं असतं, नष्ट केल्याचा आदेश दाखवणं अवघड.

फाइल सापडली.

एक पान आलं, गोल शिक्का मारून. टाइपरायटरची अक्षरं, 'ई' जरा वर उडालेला. तारीख, हंटर, विमानाचा क्रमांक, आणि "इजेक्टेड" हा शब्द स्वच्छ. खाली मणक्याचं वर्णन. पानामागे दोन रुपये हा दर, तेवढेच घेतले. मला इतका आनंद दहावीच्या निकालानेही झाला नव्हता, आणि निकाल चांगला होता.

त्यानंतर सगळं भराभर. मार्टिन-बेकरकडून शहानिशा झाली, पैसे मामांनी भरले, मावसबहीण दिवाळीला येताना घड्याळ घेऊन आली. विमानतळावर ती लाल मार्गिकेत, म्हणजे सीमाशुल्क भरायच्या रांगेत, गेली, बिल दाखवलं, पन्नास हजारांच्या वरच्या रकमेवर तेव्हाच्या दराने 38.5 टक्के भरले आणि पावती घेतली. हातात घालून गुपचूप बाहेर पडा असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. एवढ्या कागदांतून गेल्यावर आणखी एका कागदाला काय घाबरायचं?

घड्याळ जड आहे, मामांच्या बारीक मनगटावर जरा मोठंच दिसतं. सेकंदकाट्याच्या शेपटीला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा फास आहे, इजेक्शन हँडलसारखा. मामांनी तो भिंग लावून पाहिला आणि पहिला शेरा मारला: "हे नव्या खुर्चीचं आहे. आमचं वर होतं."

इजेक्शन टाय क्लबचं राहिलं सांगायचं. मार्टिन-बेकरच्या खुर्चीने वाचलेल्यांचा हा क्लब 1957 पासून आहे. टाय आणि प्रमाणपत्र देतात, टायवर लाल त्रिकोण. मणक्याचं तेच पान तिथेही चालतं, तेव्हा प्रत मागतानाच दोन साक्षांकित प्रती मागा. दोन रुपयांसाठी कंजूषी केली तर पुन्हा त्याच गोड आवाजाशी बोलावं लागेल. लॉगबुकचं पान स्कॅन करण्याऐवजी खिडकीशी, तिरक्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. फिकी शाई त्यात वाचता येते, हे मला सगळं झाल्यावर कळलं. आणि घरात कुणी वायुदलातलं असेल तर ते पान आत्ताच काढून ठेवा, सहीवाले हयात असतील तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहूनही घ्या.

मामांच्या मिगवाल्या मित्रांनी परवा विचारलं, घड्याळ नाही तर नाही, पण तो कागद माझाही काढून देशील का? त्यांच्या अर्जात मी पहिल्या ओळीपासून पानच मागितलंय.